सैनूची जखम कुठे काढायची?

आमच्या झाडीपट्टीत नाटकातला माणूस मेला, की तो शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही मेलेला दिसला पाहिजे. तो तसा दिसावा ही माझी जबाबदारी. धानाची कापणी संपली की गावोगावच्या मोकळ्या वावरांत मंडप पडतात, वडशाकडून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात, आणि त्यातल्या एखाद्या गाडीत सामानाच्या पेट्यांमध्ये पाय दुमडून मी बसलेलो असायचो. आता गुडघे ऐकत नाहीत. या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "हनीफभाऊ, रंगभूषेच्या गमती लिहा. लोकांना आवडतात." गमती माझ्याकडे भरपूर आहेत. पण लिहायला बसलो की एक सिनेमा मधे येऊन उभा राहतो. त्याचं मला अजूनही नीट उमगलेलं नाही. म्हणून एक-दोन गमती सांगून घेतो आणि मग त्याच्याकडे वळतो.

आम्ही सावलीचे. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि नाटकांचे पडदेही. राजमहाल, जंगल, गरिबाची झोपडी, सगळं त्यांच्या ब्रशातून यायचं. मी पडद्यावरून चेहऱ्यावर आलो, एवढाच फरक. त्या काळी मुर्दाडशिंग आणि पिवडी या रंगाच्या पुडी खलून चेहऱ्याला लावत. पुढे तयार रंगाच्या कांड्या आल्या. रक्ताला मात्र आमचा घरचाच पाक: साखर, खायचा लाल रंग, आणि त्यात थोडी चहाची कोरी उकळी, म्हणजे तो सरबतासारखा दिसत नाही. जखमेला कापूस, डिंक आणि मेण. रंगमंचावरची जखम खरी दिसून चालत नाही. खरी जखम लहान असते, काळपट असते, लांबून डागासारखी दिसते. आमची जखम तळहाताएवढी आणि लालभडक. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात नायकाच्या पोटात सुरा खुपसला, तसा पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला, रंगमंचावर चढला आणि आपल्या खांद्यावरचा दुपट्टा नायकाच्या पोटाला करकचून बांधू लागला. खलनायक सुरा धरून तसाच उभा. नायक मरता मरता पुटपुटत होता, "बाबाजी, सोडा नं, मले मरू द्या." तो म्हातारा काही ऐकेना. मला आजवर मिळालेलं ते सर्वांत मोठं बक्षीस.

उलटी कामंही यायची. जखम लपवायची. एका तरुणाच्या गालावर अस्वलाची नखं उमटलेली होती. मोह वेचायला गेला असताना अंगावर आलं होतं. लग्न ठरलं आणि त्याची आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. मी गाल असा गुळगुळीत करून दिला की त्याला स्वतःलाच आरशात ओळख पटेना. मांडवात नवरीनं अंतरपाटावरून पाहिलं आणि घाबरून मावशीला विचारलं, "हा कोन व? अस्वलवाला कुठी आहे?" शेवटी मंगलाष्टकं थांबवून मी त्याचा गाल पुसला. तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येतं की नाही, नक्की सांगता येत नाही.

असा मी. खोटी मरणं करणारा माणूस. आणि माझ्याकडे एके दिवशी सानिका आली.

सानिका पुण्याची. तिशीच्या आसपासची, केस बारीक कापलेले, बोलणं हळू. ती मला काका म्हणू लागली. आमच्या ओट्यावर बसून तिनं सांगितलं की तिला एक सिनेमा करायचा आहे आणि त्यासाठी रंगभूषा करणारा याच भागातला माणूस हवा आहे.

"गोष्ट काय आहे?" मी विचारलं.

"गोष्ट अशी नाही, काका."

"मंग संवाद कोणाचे?"

"संवादही नाहीत."

"मंग मेकअप तरी कोणाले कराचा आहे?"

"एका मेलेल्या माणसाला."

इथे मला जरा जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटलं. मी विचारलं, रक्त किती लागेल? ती म्हणाली, रक्त नको. मी पुन्हा हवेत.

तिनं आपला आधीचा एक सिनेमा लॅपटॉपवर दाखवला. त्यात मातीची भिंत होती. पलीकडून भांड्यांचा आवाज यायचा. भिंत काही हलेना, म्हणून मशीन अडकलं असं समजून मी एक बटण दाबलं, आणि सिनेमा बंद पडला. ती रागावली नाही. म्हणाली, "हिंसा दाखवणारे सिनेमे पुष्कळ आहेत. ती होऊन गेल्यावर काय उरतं, युद्ध संपल्यावर माणसं भात कसा शिजवतात, ते मला बघायचंय." हे वाक्य मला कळलं. पण ते कळलं आणि भिंत कळली नाही, हे दोन्ही एकदमच झालं. मी हो म्हटलं. का म्हटलं, विचारू नका.

मेलेला माणूस व्हायला तिला कोणीतरी निवांत पडून राहणारा हवा होता. मी आमच्या मोरेश्वरचं नाव सुचवलं. झाडीपट्टीत मोरूभाऊ विनोदी कामं करायचा. त्यानं पडद्याआडून नुसतं डोकं काढलं तरी मंडप हसायचा. पण माझ्या ओळखीत दुपारी कुठेही आडवा होऊन झोपू शकणारा तोच एक होता. सानिकानं त्याला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, हाच. मोरू मला बाजूला घेऊन म्हणाला, "हनीफभाऊ, यात माह्यं काम काय?" मी सांगितलं, मरून पडायचं. "अन् पंच?" मी म्हटलं, पंच नाही. तरी शूटिंगच्या गावाला पोचेपर्यंत तो बिचारा हशाचा पंच शोधत होता.

गाव एटापल्लीच्या पुढे, रानात. नाव लिहीत नाही. माडिया लोकांचं गाव. सानिका तिथे आधी कितीदा तरी येऊन राहिली होती. गोटुलात, म्हणजे गाव जिथे बसून बोलतं त्या छपराखाली, सगळ्यांसमोर विचारून, आणि तयार सिनेमा आधी इथेच दाखवीन असा शब्द देऊन, तिनं होकार घेतला होता. मोह गळायचे दिवस होते. सकाळी बाया-पोरी टोपल्या घेऊन झाडांखाली असायच्या आणि सगळ्या हवेला तो गोड, आंबूस वास.

या गावानं एका काळात दोन्हीकडच्या बंदुका पाहिल्या होत्या. एक येऊन जायचे, मग दुसरे येऊन जायचे, आणि दोघेही विचारायचे, आधी कोण आले होते? सानिका त्याला युद्ध म्हणायची. गावात तो शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. ते "त्या सालातलं" म्हणत आणि विषय बदलत. त्या सालात सैनू नावाचा एक जवान माणूस सकाळी रानात गेला. गोळ्यांचा आवाज आला. सैनू परत आला नाही, त्याचा देहही घरी आला नाही. नेमकं काय झालं ते ज्यांनी पाहिलं होतं ते सांगत नव्हते, आणि जे सांगत होते त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

सैनूची बायको जुरी. आता केस पांढरे झालेले, पण चालणं ताठ. सानिकाच्या सिनेमात एवढंच होतं की मोहाच्या झाडाखाली एक देह पडलाय, जुरी येते, बाजूला बसते. कॅमेरा लांब उभा. बस. जुरीनं हे ऐकून लगेच होकाराची मान डोलावली होती. तिला बाजारापुरती मराठी यायची, आणि तेवढी तिला पुरायची.

गोटुलाच्या छपराखाली मी मोरूला बसवलं आणि चेहरा करायला घेतला. मेलेल्या चेहऱ्याचं तंत्र सोपं आहे. रक्त खाली उतरतं, म्हणून ओठांचा रंग काढायचा, डोळ्यांच्या खोबणीत राखाडी भरायचा, कानाच्या पाळ्या फिकट करायच्या. मी कानाशी आलो तेवढ्यात मागून आवाज आला.

"तो असा नव्हता."

जुरी उभी होती. मी सानिकाकडे पाहिलं. सानिकाला चेहरा कोणाचाही चालणार होता. उलट तो कोणाचाच नसावा असं तिचं म्हणणं होतं. पण तिनं मला अडवलं नाही. मी जुरीला विचारलं, "मंग कसा होता, बाई?"

"नाक लहान. भिवया जाड. गाल नव्हते."

"फोटो?"

"फोटो कुठचा?"

मग मी तिच्या सांगण्यावरून सैनू करू लागलो. मोरूच्या गालांवर छाया मारून ते आत नेले, भिवया भरल्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद रंग देऊन ते बारीक केलं. जुरी समोर उकिडवी बसून पाहत होती आणि थोड्या थोड्या वेळानं "नाई" म्हणत होती. मोरूला तिनं पोट आत घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मेलेल्याले पोट आत घेता नाई येत." ती म्हणाली, "सैनूले यायचं." बऱ्याच वेळानं ती पुढे झुकली, चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "नाकापर्यंत आला."

मी आयुष्यात राजे केले, राक्षस केले. नाकापर्यंत येण्याची पावती मला कोणी दिली नव्हती. त्या भरात माझ्या तोंडून सवयीचा प्रश्न निघून गेला.

"जखम कुठी काढू?"

छपराखाली बसलेली माणसं एकदम वळून पाहू लागली. सानिका पटकन म्हणाली, "काका, जखम नको. ठरलंय आपलं."

जुरी म्हणाली, "जखम पाह्यजे. बिनजखमेचा कसा मरन?"

"मंग तूच सांग, कुठी?"

"मले कोणी सांगितलं? तू सांग. तुले माहीत राह्यते नं, माणसाले कुठी लागते ते."

तेव्हा लालसू पुढे आला. सैनूचा धाकटा भाऊ. हातात कुऱ्हाड, ती त्यानं भिंतीला टेकवली. "छातीत लागली," तो म्हणाला. "समोरून."

शेजारची एक म्हातारी, जी मघापासून मोहाची फुलं निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "पाठीत. तो पळून राह्यला होता."

"पळाले काय झालं त्याले? त्यानं काय केलं होतं?" लालसू तिच्यावर ओरडला.

"केलं नसन तरी माणूस पळते, बाबू."

मग आणखी कोणी म्हणालं, गोळी नव्हतीच. हात बांधून नेलं होतं. मनगटांना दोराचे वळ होते.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं. जखम छातीत असेल तर तो समोर उभा होता, म्हणजे तो कोणाच्या तरी बाजूनं लढत होता. पाठीत असेल तर तो पळत होता, म्हणजे काही लपवत होता. मनगटावर वळ असतील तर त्याला नेणारे दुसऱ्या बाजूचे होते. प्रत्येक जखमेमागे वेगळी बंदूक होती, आणि प्रत्येक बंदुकीमागे तिच्या बाजूचं म्हणून या गावातलं कोणतं तरी घर ओशाळं होणार होतं. इतकी वर्षं हे कोणी एका छपराखाली मोठ्यानं बोललं नव्हतं. आणि माझ्या एका सवयीच्या प्रश्नानं ते बोलू लागले होते.

गावाचा गायता, म्हणजे देवाधर्माचं बघणारा म्हातारा, खांबाला टेकून बसला होता. तो मला म्हणाला, "रंगवाले भाऊ, समजून हात चालव. तू जिथं जखम काढशीन तिथून गाव फाटन."

मी सानिकाला विचारलं, "तू सांग, बेटा. सिनेमा तुहा आहे."

तिचा चेहरा उतरला होता. "मला माहीत नाही, काका. माहीत नाही म्हणूनच मी हा सिनेमा करतेय." मला तिचा राग आला. रागाबरोबर तिची कीवही आली. माझ्या धंद्यात दिग्दर्शकाला जखम माहीत असते.

मी कापसाची गुंडाळी हातात धरून बसून राहिलो. मोरू डोळे मिटूनच म्हणाला, "हनीफभाऊ, लवकर काय ते मारा मले. मुंग्या येऊन राह्यल्या."

मग मी जे केलं ते बरोबर होतं की चूक, हे मला आज विचारलंत तरी नाही सांगता यायचं. मी तिन्ही जखमा काढल्या. छातीत एक, बारीक, काळपट, जशी खरी असते तशी. मोरूला पालथं करून पाठीत एक. आणि दोन्ही मनगटांवर दोराचे वळ. कोणालाही खोटं पाडायचं नाही एवढंच मनात होतं. लालसू म्हातारीकडे बघेना, म्हातारी लालसूकडे बघेना. गायता मात्र मान हलवत होता. होकाराची होती की नकाराची, कळलं नाही.

मोहाच्या झाडाखाली मोरूला निजवलं. कॅमेरा लांब लावला. गाव छपराच्या सावलीत उभं. सानिकानं जुरीला खूण केली. जुरी आली आणि बाजूला बसली. ठरलं होतं ते इथपर्यंत.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मनगटांवरून हात फिरवला. सदऱ्याची बटणं सोडून छाती पाहिली. मग हात पाठीखाली घालून चाचपलं, तिथलं मेण तिच्या बोटांना लागलं असावं. ती मान वर करून थेट माझ्याकडे पाहत म्हणाली,

"इतक्या कायले केल्या, भाऊ? एक माणूस मराले इतक्या नाई लागत."

कॅमेरा चालूच होता.

जुरी उठली आणि घराकडे गेली. आम्हाला वाटलं, संपलं. पण ती परत आली ती पाण्याची घागर, टोरीच्या तेलाचा डबा आणि पानात हळद घेऊन. टोरी म्हणजे मोहाचं बी, त्याचं तेल इथे अंगाला लावतात. ती खाली बसली, पदराचा कोपरा तेलात भिजवला आणि मोरूचं कपाळ पुसायला लागली. चेहऱ्याचा रंग तेलानंच निघतो, हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला मेलेल्या माणसाला तेल लावायचं होतं. माझ्या भिवया गेल्या, गालांच्या छाया गेल्या. सैनू नाकापर्यंत आला होता, तो तिच्या हाताखाली परत जात होता, आणि ती त्याच्याशी माडियात हळूहळू बोलत होती. छातीची जखम पुसली. मनगटं पुसली. पाठीसाठी तिला मोरू एकटीनं वळवता येईना. तिनं हाक मारली नाही, नुसतं मागे पाहिलं. लालसू आला. दोघांनी मिळून मोरूला कुशीवर केलं. पाठीतली जखम लालसूच्या बाजूला आली. तो थोडा वेळ त्या जखमेकडे पाहत राहिला. मग त्यानं स्वतःच्या हातानं ती पुसून काढली, आणि पुसल्यावरही बराच वेळ तिथे हात चोळत राहिला. फुलं निवडणारी म्हातारी जवळ येऊन उभी राहिली होती. तिनं घागर वाकवून लालसूच्या हातावर पाणी घातलं.

मग उरलेल्या पाण्यानं अंघोळ, मग हळद. मग जुरी हात पुसून बाजूला बसली.

सानिकानं 'कट' म्हणायला हवं होतं. तिनं म्हटलं नाही, कॅमेरा चालूच राहिला. मला वाटलं, आता मोरूला कोणी उठवायचं? आणि उठवलं तर या बाईचं काय होईल? रंगमंचावर पडदा पडतो, त्याआड मेलेले उठून चहा पितात. इथे पडदाच नव्हता. सगळे तसेच.

शेवटी मोरूच उठला. हळदीनं पिवळा झालेला, तेलानं चकाकणारा, तो टेकू घेऊन बसता झाला आणि कोरड्या घशानं म्हणाला, "बाई, पाणी देता का?"

जुरी त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी आयुष्यभर चेहऱ्यांचं काम करूनही सांगू शकत नाही. तिनं कोणीतरी बाजूला ठेवलेला पाण्याचा तुंबा, म्हणजे वाळल्या भोपळ्याचं भांडं, उचलला आणि त्याच्या हातात दिला. तो घटाघटा पिऊ लागला.

"हळू पी," ती म्हणाली.

त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून भात खाल्ला. लालसू आणि ती म्हातारी एकाच ओळीत बसले होते. काही ठरलं नव्हतं, कोण खरं कोण खोटं हे तिथेच राहिलं होतं. गाव फाटलं मात्र नाही. गायत्याला मी विचारलं, "झालं ते ठीक झालं का?" तो म्हणाला, "मले काय विचारता? मी पहिल्यांदा पाह्यलं असं." म्हणजे गोंधळलेला मी एकटाच नव्हतो, याचं बरं वाटलं.

सिनेमा तयार झाल्यावर सानिका शब्द पाळून आधी त्याच गावात घेऊन आली. मीही गेलो. दुपारची वेळ. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला, भिंतीवर पांढरी चादर. गाव दाटीवाटीनं बसलं. पडद्यावर रान आलं. वाट आली. माणसांच्या पाठी आल्या. आपली गाय दिसल्यावर एकजण मोठ्यानं तिचं नाव घेऊन हसला. मोहाची फुलं गळताना दिसली, खूप वेळ. मग लांबून झाड, खाली देह, बाजूला येऊन बसलेली जुरी. आणि काळोख. संपला.

माणसं सभ्यपणानं बसून होती. जुरी उठून सानिकासमोर आली.

"माह्यं कुठी आहे?"

सानिकानं तिचे हात हातात घेतले. "जुरीबाई, तुम्ही तेल लावलंत, अंघोळ घातली, ते मी सिनेमात ठेवलं नाही. ते तुमचं होतं. तुमचं दुःख मी परक्या लोकांना कसं दाखवू?"

जुरीनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणून राह्यली हे पोरगी?"

मी माझ्या परीनं सांगितलं. म्हटलं, तिला तुझी लाज राखायची आहे. तुझं दुःख बाजारात मांडायचं नाही.

जुरीचा आवाज चढला. "मंग मी त्या मशीनपुढं कायले केलं? माह्या घरात जागा नव्हती? सगळ्यायनं पाहावं म्हणून केलं. माह्या माणसाले कोणीच पाह्यलं नाई, मी सुद्धा नाई. आता पाह्यतीन म्हटलं, तं ह्या पोरीनं कापून टाकलं."

सानिकाला रडू येत होतं, पण ती रडली नाही. मला वाटायचं की शिकलेली माणसं आपल्याकडचं दुःख उचलून नेतात, हे वाईट. इथे एका पोरीनं ते मुद्दाम उचललं नव्हतं, आणि तेच वाईट झालं होतं.

"आहे ते," सानिका म्हणाली. "टाकून नाही दिलं. लॅपटॉपवर आहे."

मग शाळेच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि भोवती गाव गोळा झालं. जुरी मधोमध. तेल, हळद, लालसूचे हात, सगळं त्या लहानशा चौकटीत चाललं होतं. जुरी अगदी जवळून पाहत होती. मधेच म्हणाली, "कान राह्यला. कानामागं पुसलंच नाई मी." मोरूनं उठून पाणी मागितलं तिथे सानिकानं हात पुढे करून थांबवलं. "एवढं टाकते, जुरीबाई. अंघोळीपर्यंत. चालेल?"

"अन् उठते ते?"

"ते नको. ते सिनेमात नाही बसत. तो मोरूभाऊ आहे, तो मध्येच उठला. मेलेला माणूस असा उठून बसला तर लोकांना वाटेल..."

"मले माहीत आहे तो मोरू आहे," जुरी म्हणाली. "मी काय येडी आहे? माहीत आहे. तरी टाक."

सानिकानं टाकलं. सिनेमा आता त्यावरच संपतो. पुढे मी तो एका मोठ्या शहरात, गार हवेच्या सभागृहात पाहिला. नंतर लोक बोलले. एकजण म्हणाला, हे उठणं म्हणजे आशा आहे. दुसरी म्हणाली, नाही, हा सिनेमानं स्वतःचाच केलेला उपहास आहे. तिसऱ्यानं अजून काही सांगितलं, त्यातला एक शब्द मला ओळखीचा नव्हता. मग माइक माझ्या हातात आला. मी म्हणालो, त्याले तहान लागली होती. लोक हसले. विनोद करायचा माझा विचार नव्हता. सानिका हसली नाही, हे मी पाहिलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या शाळेतलंच. टाकते, असं सानिकानं कबूल केल्यावर जुरी म्हणाली, आता ते दाखव, उठते तेवढंच. सानिकानं दाखवलं. पिवळाधमक मोरू उठून बसला, पाणी मागितलं, प्यायला.

"अजून एक डाव."

पुन्हा उठला, पुन्हा प्यायला. जुरी टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून वाकली होती. "अजून." सानिका मागे नेई, मोरू आडवा होई, पुन्हा उठे. लालसू भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला वाटू लागलं, हे थांबवायला हवं, या बाईचं काहीतरी होईल. पण थांबवणारा मी कोण? आणि ती पुन्हा म्हणाली, "अजून एक डाव."

तेव्हा मागून गायत्याचा आवाज आला.

"आता पुरे कर व, जुरी. पाणी पिऊन पिऊन पोट फुटन त्याचं."

जुरीनं टेबलाची कड सोडून मागे पाहिलं. मग ती हसली. तोंडात पदर कोंबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि तिच्यामागून सगळी खोली हसू लागली.